झाडावर टांगलेला फोन

सेवेतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळल्या आहेत. ही मात्र जशीच्या तशी आठवते.

कोरीट गावचा एक शेतकरी आपले वडील हरवल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात आला. म्हातारबाबांना विसर पडू लागला होता. शहाद्याच्या बसस्थानकावर हा मुलगा पाणी घ्यायला वळला, तेवढ्यात ते भलत्याच बसमध्ये चढून गेले. मिसिंग दाखल केली, कामांची यादी केली आणि एकेक खोडत गेलो: वाहक, दवाखाने, बिनतारी संदेश, गुजरातेतली ठाणी. हाती काही लागेना. मुलगा रोज येऊन बाकावर बसायचा.

"साहेब, मन्हा बाप जित्ता शे का नही, इतलंच सांगा."

मग सायबर शाखेने कळवलं, बाबांचा बटणांचा फोन सुरू झालाय. पण दुसऱ्या सिमवर. सिम बदललं तरी फोनचा आयएमईआय क्रमांक तोच राहतो, म्हणून हे कळतं. टॉवर सातपुड्यातला होता. अनुभवाने आम्हाला दोनच अर्थ दिसत होते: फोन चोरला, नाहीतर माणूस मारून घेतला. दुसरा अर्थ मुलाला सांगितला नाही. त्याचा चेहरा पाहून कळलं, सांगायची गरजही नव्हती.

सिम एका ऊसतोड मजुराच्या नावावर होतं. तो जवळच टोळीवर सापडला. ठाण्यात आणून मी समोर बसवून विचारलं, "फोन कुठे आहे?"

"झाडावर."

हवालदार म्हणाले, "आंबा आहे का रे तो?"

"तू लावून बघ ना, साहेब," तो शांतपणे म्हणाला. डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. "बाबा वाट चुकून आमच्या पाड्यात आला, बहिणीने ठेवून घेतला. त्याच्या सिमच्या कंपनीचा टॉवर आमच्याकडे येत नाही. बहिणीने आपलं सिम, माझ्याच नावावरचं, त्याच्या फोनात टाकलं, तर फोनातली नावंच गेली. ती जुन्या सिमवर होती. तिला वाचता येत नाही, मी इथे."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तू पहिलं विचारलं असतं, फोन कुठून आणला."

 मी त्याच्याच मोबाईलवरून बहिणीचा नंबर लावायला सांगितला, स्पीकर सुरू केला. बरीच रिंग गेली. मग कोणीतरी फोन उचलून खाली हाक मारल्याचा आवाज, दुरून तीच हाक पुन्हा, आणि थोड्या वेळाने धापा टाकणारा म्हातारा आवाज आला.

"भाऊ, जेवना का रे?"

"जेवनू, बाबा," मजूर अहिराणीत म्हणाला. आम्हाला हळूच सांगितलं, "रोज संध्याकाळी बोलतो. मला पोरगा समजतो. मी पण बनतो पोरगा."

बापाचा आवाज ऐकून बाकावरचा मुलगा उठून उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी मुलाला आणि मजुराला घेऊन निघालो. जीप थांबली तिथून चढ चालून गेलो. पाड्यात कुठेच रेंज नाही, फक्त टेकडीच्या माथ्यावर मिळते. तिथे मोहाचं एक झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना कापडी पिशव्यांत सगळ्या पाड्याचे फोन टांगलेले होते. राखण नाही, कुलूप नाही. वाजेल त्या फोनच्या मालकाला शेळ्या राखणारा हाक मारतो, उतारावरचा ती पुढे देतो. आयुष्यभर मोबाईल चोरीचे गुन्हे नोंदवलेला मी त्या झाडाखाली टोपी काढून उभा राहिलो.

बाबा सावलीत बसले होते, केस विंचरलेले. मजुराची बहीण म्हणाली, "फोनवर रेंजच्या काड्या दिसल्या की बसतो. नाही दिसल्या की चालायला लागतो, घरी जातो म्हणतो. म्हणून माझं सिम टाकलं." तिचा स्वतःचा फोन सिमशिवाय घरात पडून होता.

मुलाने पायांना हात लावला. बाबांनी निरखून पाहिलं.

"कालदिन फोनवर बोलना, नी आज लगेच उना?"

बहिणीने पदराची गाठ सोडून जुनं सिम काढलं आणि बाबांच्या फोनात बसवून दिलं. मुलाने तिला काही देऊ केलं तर तिने हातच पुढे केला नाही.

त्या प्रकरणानंतर सिम बदलल्याचा अहवाल आला की मी यादीत पहिला प्रश्न लिहायचो: तिथे कोणत्या कंपनीचा टॉवर पोहोचतो? कोणी चोरलं, हा प्रश्न त्याखाली.

परतताना मजुराला टोळीवर सोडलं. मुलगाही जीपमधून उतरला आणि आपल्या वडिलांचा नंबर त्याला सांगू लागला.

"संध्याकाळले फोन लावजो, भाऊ," तो म्हणाला. "बाप वाट दखस."