शाडूचं लिंपण आणि मोरूचं विमान

काळुराम आमच्या नाटक मंडळीचा जनरेटर सांभाळायचा. पेणच्या मैदानात माझं स्वगत रंगायचं, बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या, आणि हा विंगेमागे मशिनला कान देऊन बसलेला. प्रयोगानंतर विचारलं, “कसं झालं रे?” तर म्हणायचा, “दुसऱ्या अंकात जरा अडखळला. फिल्टर साफ करतो.”

घराणं मिठागरवाल्यांचं. खाडीचं पाणी ओढणारे पंप दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली. रोह्याजवळच्या वरसे गावचा मोरू, कंपनीतून रिटायर झालेला फिटर, एका माणसापुरतं विमान बांधायला बसला तेव्हा त्याने काळुरामलाच गाठलं. इंजिन रोटरी. त्यात पिस्टन नाही, तिकोनी लोखंड गरगर फिरतं. हवा-पेट्रोल आत नेणारी नळी, मॅनिफोल्ड, सांगाड्याला अडत होती. काळुरामने ती कापून वळवली आणि टोकाला, इंजिनावर बसवायची, नवी चकती वेल्ड केली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, पेणजवळच्या माळावर, उड्डाणाची सकाळ उजाडली. बघे जमले होते, त्यांत मीही. फुल गॅसवर इंजिन खणखणीत बोललं. गॅस कमी केला की धापा टाकायचं.

“स्क्रू पिळला की झालं,” मोरू पट्टा बांधत म्हणाला.

“उतरताना गॅस कमी करशील ना? तवाच बंद पडंल. उतर खाली.”

“अरे, गळतंय का कुठं?”

“ओढणारी नळी गळत नाय, मोरूभाऊ. ती हवा पिते.”

त्याने पिशवीतून ओल्या फडक्यातला शाडूचा गोळा काढला. पंपाच्या जोडांसाठी तो कायम बाळगायचा. नळीच्या जोडावर त्याने पातळ लिंपण केलं.

“विमानाचा गणपती करतोस काय?” मोरू ओरडला. माळ हसला.

इंजिन सुरू झालं. पंखा काळुरामच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फिरत होता. तो आणखी वाकला. लिंपणात एक खळगा पडला आणि सुईएवढं भोक पडून तिथली माती आत ओढली गेली.

त्याने हात वर केला. इंजिन थांबलं.

“वेल्डिंगच्या तापानं चकती वाकलीय. चूक माझीच हाय.”

चाळीस माणसांसमोर बोलला. मी रंगमंचावर वाक्यं विसरलो की प्रॉम्प्टरवर ढकलायचो.

माळाकडेच्या टपरीवाल्याने कपाटाची काच काढून दिली. काचेच्या सपाटीवर पॉलिश पेपर ठेवून काळुराम दोन तास चकती घासत बसला. मग जोडणी, पुन्हा लिंपण, पुन्हा तो पंखा. या वेळी माती जागची हलली नाही. तरी तो इंजिन मंद ठेवून ऐकतच राहिला.

मोरूची बायको चंद्रावती पुढे आली. “भावजी, सोडू का यांना?”

“सोडा, वहिनी.”

विमान उठलं. माळावरून दोन फेऱ्या झाल्या. मग उतरायला मोरूने गॅस ओढून घेतला, आणि आवाज एकदम नाहीसा झाला. चंद्रावतीने माझं मनगट पकडलं. तिच्या बांगड्या हाडाला रुतल्या. विमान खाली येत होतं. काळुरामचे डोळे मिटलेले.

“चालू हाय,” तो म्हणाला.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. वारा तेवढा होता. मग अगदी बारीक, एकसारखी फटफट कानावर आली, आणि चाकांनी धूळ उडवली.

लोकांनी मोरूला उचलून घेतलं. काळुराम उरलेला गोळा फडक्यात गुंडाळत होता. मी जवळ जाऊन विचारलं, “काळू, कसं झालं रे?”

“अडखळलं नाय,” तो म्हणाला.

एवढी दाद त्याने मला उभ्या आयुष्यात दिली नव्हती.