बाहेरची कडी

शाळेतल्या चित्रांच्या तासाला मी मुलांजवळ नुसती सोबतीला बसते; सगळी मला आजी म्हणतात. चित्रं शिकवणारी ताई सांगते, मनातलं काढा, चूक-बरोबर काही नसतं. काल दुसरीतल्या अबोल चिंगीनं घर काढलं, नि दाराला बाहेरून कडी!

मी हसले, "अगं वेडे, माणसं घरात असली की कडी आतून."

"आमची बाहेरून असते, आजी. संध्याकाळी आई कामाला जाताना लावते. आत मी नि बाळ."

बाई गं, आत गॅस असेल, काडेपेटी असेल! अशी किती दारं असतील, आणि पोरीच्या हातात कागदच दिला नसता तर कुणाला कळलं असतं?

ताई म्हणाली, "आईशी बोलूया हं आपण."

चिंगी घाबरली. "तिला रागावू नका. कडी लावून ती बाहेर रडते. मला ऐकू येतं."