टॅपेट वाजतंय

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवतानासुद्धा माझा पाय टेबलाखाली हलत असतो आणि समोरचा वैतागून म्हणतो, "राव, पाय आवर, डाळ सांडतीय." वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी या माझ्या स्वभावाचं निदान मी शाळेत असतानाच करून टाकलं होतं. "याच्या डोक्यातलं टॅपेट लूज हाय," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगायचे. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दांडे असतात, तिथे केसाएवढी फट ठेवावी लागते. ती फट वाढली की बारीक टिकटिक सुरू होते. त्याला आमच्याकडे टॅपेट वाजतंय असं म्हणतात. पाहुणे हसायचे आणि मी पाय हलवत बसायचो.

दादांनी सगळी नोकरी आकुर्डीला दुचाकींच्या कंपनीत, इंजिन टेस्टिंगला केली. लाइनवरून इंजिन आलं की चालू करायचं, मान तिरकी करायची, ऐकायचं, आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्तीनंतरही संध्याकाळी आमच्या फाटकाशी एखादी तरी मोटारसायकल उभी असायचीच. "दादा, जरा ऐकता का?" दादा चहाचा कप हातात धरून ऐकायचे आणि दोन शब्दांत रोग सांगायचे. त्यांच्या कानावर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

मग हळूहळू टीव्हीचा आवाज वाढत गेला. आईच्या हातात काचेच्या बांगड्या असतात. ती चहा घेऊन आली की दादा पेपरातून मान वर न काढता हात पुढे करायचे, बांगड्या ऐकून. तो हात पुढे यायचा थांबला. आई कप धरून उभी राहायची, मग टीपॉयवर ठेवून निघून जायची. मला ते बघवायचं नाही, मी उठून उगाच गच्चीत जाऊन यायचो.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज गेलेत. जाड, खालचे आवाज शाबूत आहेत. त्यांनी कानाचं मशीन दिलं. दादांनी ते डबीसकट शोकेसमध्ये, सेवाकाळाच्या ट्रॉफीशेजारी ठेवून दिलं. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? लोकंच तोंडातल्या तोंडात बोलत्यात." फाटकाशी येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. दादा घराबाहेर पडेनासे झाले आणि घरात कुणाशी बोलेनासे झाले.

मला विमानांचा नाद आहे. रिमोटवर उडणारी, बाल्साच्या हलक्या लाकडाची. खरं सांगायचं तर तेवढं एकच काम करताना माझा पाय हलत नाही. चाकणच्या पलीकडे एका माळावर, मालकाच्या परवानगीने, आम्ही काही जण रविवारी जमतो. मी तिथे बॅटरीचं विमान उडवायचो. एकदा दादांना आग्रह करून नेलं. विमान डोक्यावरून गेलं तरी ते भलतीकडेच बघत होते. मी हाताने दाखवलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो तर पंखा हाय." दुसऱ्या एकाचं विमान टू-स्ट्रोक इंजिनाचं होतं, ते कान किटवणारं चिरकायचं. त्याचाही दादांवर काही परिणाम झाला नाही. त्यानंतर ते आले नाहीत.

मग फोर-स्ट्रोकचं माझ्या डोक्यात शिरलं. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, शिवाय मोठा पंखा सावकाश फिरवतं, त्यामुळे त्याचा आवाज खाली, भरदार असतो. मित्रांना मी सांगत होतो की इंधन कमी लागतं, ओढ चांगली मिळते. खरं कारण वेगळं होतं. मला दादांना ऐकू येईल असं विमान हवं होतं.

महिनाभर मी स्वतःला आणि घरच्यांना पिडलं. फोर-स्ट्रोकला टू-स्ट्रोकएवढीच ताकद हवी असेल तर माप वरचं घ्यावं लागतं. माप वाढलं की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की विमान नाकावर झुकतं. मोठं घ्यावं तर नाक जड, लहान घ्यावं तर उडेल की नाही याची धास्ती. जेवताना मी भाकरीचा तुकडा बोटावर ठेवून तोल बघायचो. शेवटी हिंजवडीतल्या एका आयटीवाल्याकडे जुनं पण कमी चाललेलं इंजिन मिळालं. तो म्हणाला, "घेऊन जा भावा, आमच्या सोसायटीत नुसतं चालू केलं तरी सिक्युरिटीवाला पळत येतो." मी ते मांडीवर घेऊन ट्रॅफिकमध्ये बसलो आणि वाकडपर्यंत बोटाने पंख्याचा बोल्ट फिरवत राहिलो. आत दाब चांगला लागत होता.

इंजिन जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा दादा खुर्चीतून उठून आले. कित्येक महिन्यांत आपणहून उठलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि माथ्यावरच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "ह्याला टॅपेट हाय व्हय?" त्यांचा चेहरा असा खुलला की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बसवायचं काम मग आमचं दोघांचं झालं. इंजिन लांब निघालं, म्हणून त्याचा माउंट, म्हणजे बसवायची बैठक, आखूड करून भोसरीतून आणला. इंजिनाचं नाक किंचित उजवीकडे आणि किंचित खाली ठेवावं लागतं, नाहीतर विमान डावीकडे ओढतं. दादा म्हणाले, "वाकडं बसवून सरळ चालवायचं, ही कुठली रीत?" पण वॉशर त्यांनीच घातले. टाकी कार्बोरेटरच्या रेषेत यावी म्हणून आम्ही ती खालीवर करत भांडलो. रिमोटच्या रिसीव्हरची बॅटरी मागे सरकवून नाकाचा तोल साधला. टॅपेटची फट मात्र त्यांनी मला लावू दिली नाही. फट मोजायची पातळ पत्ती मी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. बोटाने दांडा हलवून पाहिला, नट आवळला आणि झाकण लावलं.

माळावर इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा इंधनातल्या एरंडेलाचा धूर अंगावर आला आणि तो खालचा, दमदार धडधडाट सुरू झाला. दादांनी मान तिरकी केली. ते ऐकत होते. नवीन बसवलेलं इंजिन आधी जमिनीवर थोडं थोडं चालवून रुळवावं लागतं, तेवढं केलं आणि आम्ही परत आलो. गाडीत दादा शिट्टी वाजवत होते, बेसूर.

पुढच्या खेपेला, तिसरी-चौथी टाकी संपत आली असताना, मला टिकटिक ऐकू आली.

मी कान दिला. धडधडाटाच्या वर, बारीक, घड्याळासारखी. मी इंजिन बंद केलं, परत चालू केलं. होतीच. म्हटलं, "दादा, टॅपेट वाजतंय का?"

ते वाकले. मान तिरकी केली. बराच वेळ ऐकलं. "न्हाई. एकदम शांत हाय."

"मला वाटतंय जरा."

"तुला ल्हानपणापासनं वाटतंय," ते हसून म्हणाले. "ते इंजनात न्हाई, तुझ्या डोक्यात हाय."

मी झाकण उघडायची बारीक चावी हातात घेतली. झाकणाचे दोन स्क्रू, बस्स. उघडायचं, पत्ती घालायची, बघायचं. दादांनी चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्या कानावर इश्वास न्हाई व्हय तुझा?" हसणं गेलं होतं.

मी चावी खिशात टाकली.

तो आठवडा मला फार वाईट गेला. लाइनवर उभा असताना टिकटिक, बसमध्ये टिकटिक. कंपनीत मी क्वालिटीला आहे. दुसऱ्याचा नट सैल निघाला तर शिफ्ट थांबवतो, आणि घरी दोन स्क्रू उघडायची हिंमत होत नव्हती. विमान उचलायचो, इंजिनाच्या झाकणावर बोट ठेवायचो, पुन्हा खाली ठेवायचो. दादांनी चुकीचं ऐकलं असेल तर त्यांचं काय उरतं? आणि बरोबर ऐकलं असेल तर मीच वेडा. खरं तर मला मीच वेडा ठरायला हवं होतं. तेच सगळ्यांच्या सोयीचं होतं. रविवारी सकाळी दादा माझ्याआधी तयार होऊन, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभे होते.

विमान उठलं ते फार सुंदर उठलं. माळ सोडून कांद्याच्या शेतावर चढत गेलं आणि तो भरदार आवाज आमच्यावरून फिरू लागला. दादा आकाशात बघत नव्हते. डोळे मिटून ते नुसत्या आवाजाने विमान कुठे आहे ते बोटाने दाखवत होते. "आता तिकडं वळलं. आता परत आलं." बोट अचूक फिरत होतं. मला रिमोट टाकून त्यांना मिठी मारावीशी वाटली. तरी प्रत्येक फेरीला त्या धडधडाटात मी दुसरंच काहीतरी शोधत होतो.

आवाज एकदम तुटला.

"बंद पडलं," दादा डोळे उघडून म्हणाले. माझ्याआधी म्हणाले.

मी विमानाचं नाक खाली घातलं, वेग राखला आणि ते कसंबसं तरंगत आणून कांद्यात उतरवलं. पंखा मोडला, चाकाची तार वाकली, बाकी वाचलं. उचलून आणलं आणि झाकण उघडलं. टॅपेटचा नट सुटा झाला होता, आतला दांडा जागेवरून निसटून तिरका पडला होता. दादा माझ्या खांद्यावरून बघत होते.

आमच्यातला एक जण, टू-स्ट्रोकवाला, डोकावला. चांगला माणूस आहे, मनात काही नसतं. मोठ्याने म्हणाला, "काका, हे तर मागच्या रविवारपासून टिकटिक करत होतं की! मला तिकडे झाडाखाली ऐकू येत होतं."

बोलून झाल्यावर त्याच्याही लक्षात आलं आणि तो आपल्या विमानाकडे निघून गेला. मी काहीतरी बडबडू लागलो, की व्हायब्रेशनने नट सुटतातच, नव्याने बसवलेल्या इंजिनाला होतंच, आवाज फार बारीक होता. दादांनी हात वर करून मला थांबवलं.

ते विमानापाशी मांडी घालून बसले. दांडा जागेवर घातला. मग माझ्यासमोर हात पसरला. "पत्ती दे."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पत्ती मागितली. मी दिली. त्यांनी फट लावली, पत्ती ओढून पाहिली आणि मग जे केलं ते मला आधी समजलंच नाही. त्यांनी तोच नट पुन्हा सैल केला. फट वाढवून ठेवली आणि झाकण लावलं. "दुसरा पंखा लाव," म्हणाले. "चालू कर."

"दादा, सैल आहे अजून."

"व्हय. तसंच चालू कर. बगू दे माझ्या कानातनं काय सुटलं ते."

पंखा बदलून मी विमान घट्ट धरलं आणि इंजिन चालू केलं. टिकटिक आली, आता कुणालाही येईल अशी. दादांनी मान तिरकी केली आणि पुन्हा सरळ केली. मग खोक्यातला लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. फाटकाशी येणाऱ्या गाड्यांच्या इंजिनाला टेकवून ऐकायचे तसा, पण या खेपेला त्याची मूठ कानामागे नाही टेकवली. टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला, पंख्यापासून दूर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो की सांभाळा. त्यांनी डोळे मिटले होते; जे कानाला येत नव्हतं ते दातांतून डोक्यात पोचत असावं. हळूहळू त्यांची मान हलायला लागली, त्या टिकटिकीच्या ठेक्यावर.

त्यांनी हाताने बंद करायची खूण केली. मी बंद केलं. माळावर शांतता पसरली, निदान मला तरी तशी वाटली.

"हाय," ते म्हणाले. "वाजतंय." मूठ शर्टाला पुसली. झाकण उघडून पुन्हा पत्ती घातली, नट आवळला, नीट, शेवटपर्यंत. खाली बघतच विचारलं, "आता खरं सांग. घरात आजून काय काय वाजतंय, जे मला येत न्हाई?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. दाराची बेल, कुकर, मोबाइल. माझा पाय हलत नव्हता.

"आईच्या बांगड्या," मी म्हणालो.

दादांनी पत्ती फटीतून सावकाश ओढून पाहिली. परत एकदा ओढून पाहिली. झाकण लावलं, दोन्ही स्क्रू आवळले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"इमान राहू दे आज," ते म्हणाले. "घरी चल."