ह्यांच्या रक्तातल्या वन्सांच्या खुणा

नव्वदीची सुरुवात असेल. आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा थोरल्या नणंदेनं, आमच्या वन्सांनी, आपली एक दिली. वन्सं बदलापूरच्या पलीकडे भातशेती करायच्या. ऑपरेशन मुंबईत झालं, उत्तम झालं, आणि सगळे मला म्हणाले, आता निवांत हो. मी कसली निवांत होते! ह्यांनी कूस बदलली तरी मी विचारायची, "दुखतंय का?"

"तू विचारतेस म्हणून दुखतंय," हे म्हणायचे.

दर आठवड्याला तपासणीला गेलो की तिथल्या एक तरुण डॉक्टरीणबाई नेहमीच्या रक्ताबरोबर एक छोटी बाटली जास्तीची घ्यायच्या. मला राहवेना. म्हटलं, "बाई, ह्या माणसात रक्त उरलंय किती, आणि तुम्ही जास्तीचं नेता?"

त्या हसल्या, पण मला बसवून नीट समजावलं. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. त्या बघूनच शरीर ठरवतं, हा आपला, हा परका. त्यातल्या काही पेशींवरून सुटतात आणि रक्तात विरघळून फिरत राहतात. ह्या बहीणभावाच्या खुणा अर्ध्याच जुळत होत्या. ज्या फक्त वन्सांच्या, त्या ह्यांच्या रक्तात किती आहेत ते बाई मोजत होत्या. प्लास्टिकची पाटी, तिला चिमुकल्या वाट्या. रक्तावरचं पिवळसर पाणी त्यात घालायचं, मग औषधं. खुणा जितक्या जास्त, तितका रंग गडद.

"एकदम वाढल्या तर शरीर नव्या किडनीवर उठलंय असं असू शकतं," त्या म्हणाल्या. "असू शकतं हं. साध्या तापानंही वाढतात. आम्ही अजून शिकतोच आहोत."

घरी येऊन मी हे सांगितलं. वन्सं तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी यातलं आपल्याला हवं तेवढंच घेतलं. "म्हंजे मी याच्या रक्तान फिरतंय?" आणि खुशीत हसत सुटल्या.

मग एका सकाळी खालच्या कापडवाल्या सिंधी शेठनं जिन्यातून हाक मारली, "भाभी, अस्पताल से फोन!" फोन त्यांच्याच दुकानात होता. पलीकडे डॉक्टरीणबाई. आकडा खूप वाढलाय म्हणाल्या. आणि रक्त गेल्या आठवड्याचं, कारण सगळ्यांचं रक्त साठवून पाट्या एकदम लावतात. आठवडाभर आत काय चाललं असेल?

"ताप आहे का?"

"नाही."

"तरी आजच आणा."

वर जाऊन आकडा वाढलाय म्हणून सांगितलं तर वन्सं टाळी वाजवायच्याच बाकी! "माझं वारलं? मंग चांगलंच झायलं की! रुजतंय ता. गावदेवीला नारल फोडाला सांगतंय."

"अहो वन्सं, वाढणं वाईट आहे!"

"तुला कोन बोललं? भाताची आवणी केली की रोप आधी पिवलं होतं, मान टाकतं, मंग जीव धरतं. तवा त्याला हात लावाचा नाय. उपटून बघशील तर मरल."

हेही बहिणीच्या बाजूनं. "ताई बरोबर बोलतेय. मला काही होत नाहीये. गुरुवारी जायचंच आहे ना."

"भात डोळ्यांना दिसतं, वन्सं. किडनी दिसते का?"

"अंबरनाथच्या चालीन वारलेली तू. कवा चिखलान पाय तरी घातलास?"

मी पिशवी भरायला लागले. खालून शेठ ओरडले, "भाभी, लड़ना बाद में, व्हॅन निकाली है मैंने!" सगळ्यात आधी जाऊन व्हॅनमध्ये बसल्या त्या वन्सं. फुगलेल्या, पण बसल्या.

नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, जरासंच वर होतं. एवढ्यावरून कुणी घाबरलं नसतं. तरी सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढला, आणि त्यात दिसलं: शरीरानं हल्ला सुरू केला होता. जोरदार इंजेक्शनं लागली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन आणखी चढलं. मी चादरीची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते. 

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वन्सांनी हळूच विचारलं, "बाय, माझ्या रक्तान बी बघा ना. याचं काय माझ्याकडं आयलंय का?"

"नाही हो मावशी. त्यांच्याकडून तुमच्याकडे काहीच गेलेलं नाही."

"आयकलंस रं? हा लहानपनापासून असाच!"

हे हसले, टाक्यांवर हात दाबून. मला हसू आलं नाही. माझं सगळं लक्ष बाईंच्या हातातल्या कागदाकडे.

"खुणांचा आजचा आकडा उतरलाय. तुमची पाटी आज वेगळी लावली," त्या म्हणाल्या.

वन्सं झटक्यात उठल्या. "उतरला म्हंजे चांगलं का वाईट, ता पहिलं सांगा!"

"चांगलं, मावशी. औषध लागू पडलंय."

वन्सं खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या. मी विचारलं, पुढचं रक्त कधी घेणार?