माशी बांधण्याचा हिवाळा

तुम्ही मुलं फोनवर विचारता, आजी, बहारीनमध्ये थंडी असायची का. असायची. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेचा बोचरा वारा सुटे, त्याला तिथे शमाल म्हणतात, आणि मनामातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्या सारख्या खडखडत. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक हिवाळा असा गेला की थंडीकडे लक्ष द्यायला आम्हाला सवडच झाली नाही. तुमच्या आजोबांना एप्रिलच्या आत मासे धरायला शिकायचं होतं.

क्रमाने सांगते. आजोबा अस्करजवळच्या एका कारखान्यात क्रेनच्या देखभालीचे इंजिनियर होते. त्यांचे साहेब स्कॉटलंडचे, मोजकं बोलणारे. एखादी क्रेन चालवायला योग्य आहे असं आजोबांनी सांगितलं की साहेब दुसऱ्या कोणाला न विचारता सही करत. आजोबांना पगारापेक्षा या गोष्टीचा अभिमान जास्त होता.

नोव्हेंबरात एकदा वर्कशॉपच्या गोंगाटात साहेबांनी विचारलं, "डू यू फिश?" तिथे भेटणारा प्रत्येक इंग्रज आपल्या माणसाला तू शाकाहारी का, हे एकदा तरी विचारतोच. आजोबांना वाटलं, त्यातलंच. म्हणाले, "येस सर. डेली. ओन्ली मंडे अँड थर्सडे, नो." साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग आजोबांना सविस्तर सांगायचा उत्साह आला. आमच्या रत्नागिरीला सगळेच फिश करतात, माझी आई सर्वांत एक्स्पर्ट, आणि भर पावसात एक अख्खा महिना आम्ही धर्माने बंद ठेवतो. ते श्रावणाबद्दल बोलत होते. पण साहेबांच्या गावी ट्राउट नावाचा थंड नदीतला मासा धरायलाही असाच बंद काळ असतो, आणि लोक हिवाळाभर घरात बसून तो संपायची वाट बघतात. साहेबांना परदेशात आपला माणूस सापडला. एप्रिलच्या सुट्टीत माझ्याबरोबर चल, म्हणाले. माझ्या भावाच्या शेताला लागून नदी आहे.

आजोबा घरी आले ते हातात एक लांब कापडी पिशवी आणि एक जाड पुस्तक घेऊन. "साहेबांनी जेवायला बोलावलंय. स्कॉटलंडला."

मी पिशवी उघडली. आत गळाची काठी होती. "अहो, त्यांनी नेमकं काय विचारलं?"

"डू यू फिश."

"फिश इथे क्रियापद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे, तुम्ही मासे धरता का."

ते बूट न काढताच खुर्चीत बसले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी विचारलं, "आईंबद्दल अजून काय सांगितलंत?"

"एका बैठकीला सहा, म्हणालो."

"उद्या जाऊन खरं काय ते सांगून टाका."

"अगं, जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्या वर्कशॉपला सांगितलंय. उद्या मी म्हणायचं, ते खरं नव्हतं. मग परवा मी क्रेनबद्दल जे म्हणेन, ते तरी खरं कशावरून?"

मी ते जाड पुस्तक पुढे ओढलं. मी बी. ए. इंग्लिश असल्याने पुस्तक वाचायचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवसांत वाचून मी कपाटाच्या दारावर वेळापत्रक लावलं. शनिवार-रविवार गाठी, सोमवार-मंगळवार माशा, गुरुवारी उजळणी, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर काठीने दोरा फेकण्याचा सराव. बुधवारी विश्रांती, कारण त्या दिवशी माझं कपड्यांना इस्त्री करण्याचं काम असे.

माशा म्हणजे खोट्या माशा. ट्राउट पाण्यावर बसलेल्या माशा खातो, म्हणून गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून माशीसारखं काहीतरी बनवायचं, आणि ते त्याच्या डोक्यावरून अलगद पाण्यात टाकायचं. हे मी खालच्या मजल्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांना समजावून सांगितलं. ते रत्नागिरीकडचेच, सित्राला कामगारांची बस चालवत. त्यांचं लहानपण होडीत गेलेलं.

"वैनी, मासा धरायला माशी?"

"हो."

"आणि तीपण खोटी?"

"हो."

"कोलंबी लावा की वो. पिसं बघून कोण येल?"

पण कोंबडीची पिसं त्यांनीच आणून दिली, पिशवी भरून. आठवडाभर ती आमच्या वरणात निघत होती. आजोबांच्या पहिल्या माशा झुरळांसारख्या दिसत. पुस्तकात सोनेरी तार लागेल असं लिहिलं होतं. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीच्या आत जरीची दुकानं होती, पण आजोबांनी त्याआधी घरातच शोध घेतला. माझ्या लग्नाच्या शालूच्या पदराला बोटभर जर कमी आहे हे मला सोमवारी कळलं. मंगळवारी वेळापत्रक पाळलं गेलं नाही, कारण त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

दोरा फेकताना हात घड्याळाच्या दहाच्या आकड्यापासून दोनच्या आकड्यापर्यंतच न्यायचा असा नियम होता. मी गच्चीवर उभी राहून ओरडे, "दहा, दोन, दहा, दोन." शेजारी कपडे वाळत घालायला आले की विचारत, "बँक उघडली काय?" एकदा माशी त्यांच्या लेंग्यात अडकली. लेंगा दोरीवरून उठून खालच्या रस्त्यावर गेला. तो आणायला आजोबा स्वतः गेले.

तुमची आई तेव्हा आठ वर्षांची होती. ती ट्राउट होत असे. पाण्याच्या टाकीशेजारी ताट पुढे घेऊन बसायची, आणि माशी ताटात पडली की दोरा ओढायची. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. फेब्रुवारीत एका शुक्रवारी म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट अ ट्राउट टुडे. आय हॅव होमवर्क." पण तोवर आजोबांची माशी दहापैकी सात वेळा ताटात पडू लागली होती.

मार्चच्या सुरुवातीला एका शुक्रवारी मी साहेबांना जेवायला बोलावलं. सुरमई तळली होती. जेवणाआधी साहेब म्हणाले, जरा हात दाखव बघू. आम्ही गच्चीवर गेलो. वारा आडवा होता. आजोबांनी काठी उचलली, दहा, दोन, आणि माशी टाकीशेजारच्या रिकाम्या ताटात अशी उतरली की आवाजसुद्धा झाला नाही.

साहेबांनी वाकून ताटातली माशी पाहिली. मग हळूच विचारलं, हे तुला आईने शिकवलं?

सगळं निभावलं होतं. 'येस सर' म्हटलं की संपत होतं. पण माझ्या सासूबाईंनी जन्मात गळाला हात लावला नव्हता, आणि आजोबांना त्यांच्या नावावर खोटं बोलवेना. काठी खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. क्रियापद, श्रावण, एका बैठकीला सहा. इंग्रजी अडलं तिथे मी सांगितलं.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. खाली आले, सुरमईचे चार तुकडे खाल्ले, माझे आभार मानले आणि गेले. आजोबांनी काठी पिशवीत भरून दाराशी ठेवली, परत द्यायला.

शनिवारी ते कामावरून आले तेव्हा काठी त्यांच्याबरोबर परत आली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन नंबरची क्रेन आज बंद ठेवा, म्हणालो."

"मग?"

"ठेवली."

"काही विचारलं नाही?"

"विचारलं. नदीत उभं राहायला लोकरीचे जाड मोजे आहेत का म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाहीत म्हणालो."

मी लगेच पर्स घेऊन बाजारात गेले. बाहेर उन्हं तापायला लागली होती आणि मी लोकर मागत होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, थंडी खलास, लोकर खलास." मी हलले नाही, तेव्हा त्याने माळ्यावरून उरलेले तीन गुंडे काढून दिले. एक तपकिरी, एक पोपटी आणि एक गुलाबी. मोज्यांना तिन्ही लागले.