चादरीवरचं जंगल

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. ते साक्रीकडच्या गावी शेती करायचे. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि दवाखान्यातून ते सरळ आमच्याकडे आले. हे पाइपच्या कारखान्यात, बहुतेक दुसऱ्या पाळीला. मी शाळेत शिकवायची. सकाळी आबांचं अंग पुसायचं, खाऊ घालायचं, शेजारच्या अक्कांना लक्ष ठेवायला सांगून शाळा गाठायची. संध्याकाळी परतले की चप्पल न काढता दाराला जरा टेकून उभी राहायची. आत गेलं की पुन्हा सगळं सुरू.

व्यायाम शिकवणारे डॉक्टर म्हणाले, "उजव्या बोटांना रोज काहीतरी उचलायला द्या." मी ताटात हरभरे मांडले. आबांनी डाव्या हाताने ताट ढकलून दिलं. "मी काय कोंबडी शे?"

माझे दीर बोटीवर नोकरीला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून त्यांनी एक खेळ आणला होता, आमच्याकडे पोर झालं की खेळेल म्हणून. खोका कपाटावर धूळ खात पडला होता. तो मी खाली काढला. आत बोटाएवढी शिशाची माणसं, त्यांच्याहून मोठे डायनोसॉर, फासे आणि नियमांची इंग्रजी पुस्तिका. गोष्ट अशी, की काही धाडसी मंडळी अनोळखी जंगलात शिरलीत आणि तिथलं एक अंडं घेऊन त्यांना नदीपर्यंत पोचायचंय. एकाने माणसं चालवायची, दुसऱ्याने डायनोसॉर. फासा टाकायचा आणि पडेल तेवढं अंतर टेपने मोजून पुढे सरकायचं.

टेबलावर मी हिरवी चादर अंथरली. वाट्या पालथ्या घातल्या, त्या टेकड्या झाल्या. शिलाईची टेप घेतली. माणसं आबांची, डायनोसॉर माझे.

"हाऊ सरडा काय खास?" आबांनी विचारलं.

"माणसं खातो आबा."

ते बराच वेळ त्याच्या जबड्याकडे बघत राहिले. मग आपली माणसं एकेक करून निरखली. अंडं सांभाळणारा टोपीवाला प्राध्यापक, बंदूकवाली बाई, आणि डोक्यावर पेटी घेतलेला हमाल. हमालाला ओझ्यामुळे थोडंच अंतर चालता यायचं. बाकीच्यांनी पुढे पळावं, असंच त्या खेळात होतं. आबा मात्र सगळ्यांना हमालाच्या चालीने नेत.

"आबा, बाकीचे नदीवर पोचले तरी तुम्ही जिंकता."

"त्याले सोडीसन कसं जानं?"

त्यामुळे डायनोसॉर रोज त्यांना गाठायचा. एकदा मला इतका कंटाळा आला, की खेळ लवकर संपावा म्हणून मी डायनोसॉर मुद्दाम माणसांसमोर नुसताच उभा ठेवला, म्हणजे ती नदीवर पोचतील. आबा भडकले. "समोर उभा शे आनि खात नही? बिमार शे का?" मग मला नीट खेळावं लागलं. मनात उद्याची भाजी, तपासायचे पेपर, आबांच्या गोळ्या, आणि हातात टेप.

असंच एका संध्याकाळी कुकर लावून खेळायला बसले आणि तिथेच डोळा लागला. जाग आली ती करपल्या वासाने. गॅस बंद करून परत आले तर आबा तसेच बसलेले. माणसं जागच्या जागी.

"उठवायचं ना आबा मला. नाहीतर माझा फासा तरी टाकायचा."

"तुन्ही बारी शे, म्हनीसन थांबेल शे." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तू थकेल शे, माय."

मी टेप गुंडाळत राहिले.

"मी बी थकेल शे," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही डाव तिथेच सोडला. करपलेला भात वरवरचा काढून दोघांनी दह्याशी खाल्ला.

थंडी सुरू होईपर्यंत आबांचा अंगठा आणि शेजारचं बोट जुळायला लागलं. हमाल उचलून ते पुढे ठेवू लागले, ठेवताना तो बऱ्याचदा आडवा पडायचा. बाकीची बोटं तशीच राहिली. मग एक दिवस त्यांनी ह्यांना गावी सोडायला सांगितलं. ह्यांनी समजावलं, मीही समजावलं. ते ऐकेनात, गावी भाऊबंद बघतील म्हणाले.

निघताना मी विचारलं, "खेळ देऊ का बरोबर?"

"तठे कोन खेळी?"

ह्यांनी त्यांना धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. दोन दिवस गावी राहून परतणार होते. मी स्टँडवरून घरी आले. टेबल आवरलं नाही. एकटीपुरती खिचडी टाकली, खाल्ली, आणि दिवेलागणीलाच आडवी झाले. कुणाला गोळी द्यायची नव्हती, कुणाला कुशीवर वळवायचं नव्हतं. गाढ झोप लागली. सकाळी उठले तर अंग आणखीच जड झालं होतं. पाणी तापायला ठेवलं आणि शाळेची साडी शोधू लागले.