पंधरा पावलं आत

मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. माझं पोट बघून लोक आधी हसतात, मग विचारतात, "विषय कुठला म्हणालात?" बेसबॉल मी एका शिबिरात दहा दिवस शिकलो. त्यातले चार दिवस पाऊस होता. पण आमच्या भागात सगळे कुस्ती नाहीतर क्रिकेटवाले, त्यामुळे तेवढ्यावर मी जाणकार ठरलो.

त्या हिवाळ्यात सातारा-सांगलीच्या मुलींची बेसबॉल स्पर्धा तासगावला भरली आणि मैदान तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मैदानाच्या कडेला जाळी लावायची. फटका जाळीपलीकडे गेला की होमरन. जाळी आणायची कुठून? द्राक्षांचे बेदाणे सुकवायचा हंगाम अजून लांब होता, शेड रिकामी पडली होती. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून शेडवरची हिरवी जाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. लावायला घेतली तर डाव्या बाजूला कमी पडली. पुन्हा कोण जाणार? मी तिथले खांब उपटले, पंधरा पावलं आत रोवले आणि मनात म्हणालो, इतक्या लांब मारणार आहे कोण?

मारणारी आमच्याच संघात होती.

आष्ट्यात तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. कापसाची गाठोडी उचलून तिचे खांदे असे झाले होते की हस्तांदोलन करताना मीच सावध असायचो. तीन दिवसांत तिनं पाच होमरन मारले. आधीचा विक्रम चारचा, शिरवळच्या एका मुलीचा. बक्षीस समारंभात मी माईक घेतला आणि तिच्या यशात माझ्या मार्गदर्शनाचा वाटा किती, हे सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं.

आठवड्यानं बोंब उठली. शिरवळच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली. मला फोनवर म्हणाले, "आवं सर, पोरीच्या हातात बॅट हाय का तोफ? आत कायतरी भरलंय."

बॅट ॲल्युमिनियमची, आतून पोकळ. तक्रार मोबाईलवरच्या ग्रुपांतून फिरत फिरत आष्ट्याच्या बाजारात पोचली. तिथं लोकांना आयता विनोद मिळाला. दुकानासमोरून जाताना कोणीतरी रोज ओरडायचं, "काय गड्या, गादीतला कापूस बॅटीत घातला व्हय?" कोणी म्हणालं, वय चोरलंय. तिच्या जन्माचा दाखला मागवला. दाखला चोख निघाला.

मग आयोजकांनी नेमलेल्या चौकशी समितीनं ठरवलं, बॅट कापून बघायची. मला जाळीचं तेव्हाच बोलता आलं असतं. नाही बोललो. उलट लोखंड कापायची आरी चालू झाल्यावर बॅट हलायला लागली, तेव्हा समितीतले एक जण म्हणाले, "सर, जरा धरा की." आणि मी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. ती समोर उभी होती. दोन तुकडे झाले. आत काहीही नव्हतं. तिनं दोन्ही तुकडे पिशवीत घातले आणि एसटीत बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची बंद झाली. समितीचा निकाल अजून लागायचा होता, कारण शिरवळकर म्हणत होते, कापायला दिलेली बॅट बदललेली असेल.

चौथ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"सर, एकच इचारायला आलोय. पोरीनं कायतरी केलं असंल तर सांगा. मी जाऊन माफी मागतो. न्हाई केलं, तर ती घरात तोंड लपवून का बसलीय, त्ये तरी सांगा. अब्बा, मी आता खेळणार न्हाई, म्हणती."

माझ्याकडे उत्तर होतं, पंधरा पावलांचं. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमाला ठाव होतं," ते म्हणाले, "आन् बॅट तुमीच धरली?"

"हो."

"लय भारी माणूस हाय तुमी."

त्याच दुपारी मी समितीला लिहून दिलं. दोन दिवसांनी समिती आणि शिरवळच्या प्रशिक्षकांसोबत टेप घेऊन मैदानावर गेलो, खांबांचे खड्डे अजून तसेच होते. शिरवळचे प्रशिक्षक खड्ड्यात बोट घालून म्हणाले, "एवढंच सांगायला महिना लागला व्हय?" पाचातले तीन होमरन डावीकडचे, ते रद्द झाले. विक्रम गेला. खेळाडूचा काही दोष नाही, असं समितीनं कागदावर लिहून दिलं. मला मैदानाच्या कामातून कायमचं काढलं. त्याबद्दल घरी कोणालाच वाईट वाटलं नाही.

तो कागद आणि नवी बॅट घेऊन मी आष्ट्याला गेलो. ती सुई-दोरा घेऊन गादीला टाके घालत होती. तिनं कागद दोनदा वाचला.

"तीन गेले?"

"तीन गेले."

"दोन ऱ्हायले त्ये माझे?"

"तुझेच."

"मग ह्यो कागद त्या ग्रुपवर टाका. सगळ्या ग्रुपवर. आन् सर, भाषण टाकू नका."

टाकला. भाषण टाकलं नाही.

पुढची स्पर्धा साताऱ्यात झाली. जाळी शिरवळच्या प्रशिक्षकांनी स्वतः टेपनं मोजून लावली. माझ्याकडे पाण्याचे जार होते. ती पहिल्यांदा खेळायला आली तेव्हा शिरवळच्या बाजूनं "कापूस, कापूस" असं काही पोरींनी सुरू केलं. प्रशिक्षकांनीच वळून त्या पोरींना गप्प केलं. तिचा फटका डावीकडे गेला, जाळीच्या वरच्या दोरीला लागला आणि आत पडला. होमरन नाही, पण तेवढ्यात ती पळत दुसऱ्या बेसवर, म्हणजे अर्ध्या फेरीपर्यंत, पोचली.

"तासगावच्या जाळीवरनं गेला असता की वो," प्रशिक्षक मला म्हणाले.

"तिथं तर मीसुद्धा मारला असता," मी म्हणालो.

मी तिला हात केला. तिचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या बेसवर कमरेत वाकून, तिसऱ्या बेसकडे तोंड करून ती पळायच्या तयारीत पुढच्या खेळाडूच्या फटक्याची वाट बघत उभी होती.